पट्टा उतरल्यावर

मित्रांनो, अवसरी खुर्दच्या शिवारात एका वस्तीवर पत्र्याच्या छपराखाली एक गंजलेलं, अवजड धूड उभं आहे. ते मी. पुस्तकात मला मळणीयंत्र म्हणतात. आमच्या भागात सगळे हडंबा म्हणतात. आता माझ्या तोंडात कोंबड्या अंडी घालतात आणि पाठीवर जुनी पोती वाळत पडलेली असतात.

मी तुम्हाला माझ्या आयुष्याची गोष्ट सांगणार आहे. खरं तर ती दोन माणसांची आहे. त्यातल्या एकाला माझ्यामुळे जखम झाली आणि ती सगळ्या गावानं पाहिली. दुसऱ्याला झालेली जखम कुणालाच दिसली नाही. ते आठवलं की आजही मला धक्का बसतो.

नारायणगावच्या बाजूला रस्त्याकडेच्या एका वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. पत्रे कापून, वाकवून, वेल्डिंगच्या ठिणग्यांत मला जोडलं. पोटात दातेरी ड्रम बसवला, त्याखाली चाळण आणि बाजूला पंखा. एका अंगाला लोखंडाचं भलंमोठं जड चाक लावलं. त्या चाकाच्या वजनामुळेच मला जोर येतो. मग निळा रंग दिला. माझा मालक खंडू बौद्ध घरातला होता. त्यानं पेंटरकडून माझ्या कपाळावर पांढऱ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहून घेतलं. ही गोष्ट एकोणीसशे ब्याण्णव सालची.

मला चालवायचा तो खंडूचा मुलगा रत्नदीप. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचं शिकून आलेला, सडपातळ आणि फार बडबड्या. माझ्यापासून थोड्या अंतरावर डिझेलचं इंजिन असायचं. इंजिन आणि माझं चाक यांच्यामध्ये एक लांब रुंद पट्टा. इंजिन फिरलं की पट्टा फिरे, पट्टा फिरला की मी फिरे. रत्नदीप इंजिनापाशी उभा राहून नुसत्या आवाजावरून ओळखायचा, माझ्या पोटात काही अडकलंय का ते.

आणि माझ्या तोंडाशी असायची द्रौपदा. ती खंडूची बहीण, म्हणजे रत्नदीपची आत्या. नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती. वस्तीवरच पलीकडं तिचं वेगळं घर होतं. पेंढ्या उचलून माझ्या तोंडात ढकलायचं काम तिच्याइतकं सफाईनं कुणाला जमत नसे. ती माझ्याशी बोलायची. “घे, खा. दमानं खा,” म्हणायची. रत्नदीपला तिनं लहानपणी कडेवर वागवलं होतं. त्यामुळे तो इंजिनापाशी आणि ती माझ्यापाशी असली की दोघांना एकमेकांना काही सांगावं लागत नसे. तिनं हात वर केला की तो इंजिन हळू करी.

आम्ही पुष्कळ गावं फिरलो. पेठला बाजरी काढली, खोडदला गहू काढला. खोडदला त्या काळात आकाशाकडं तोंड केलेल्या अवाढव्य जाळीच्या थाळ्या, म्हणजे रेडिओ दुर्बिणी, उभ्या राहत होत्या. आत्या त्यांच्याकडं बघून म्हणाली होती, “येवढ्या मोठ्या चाळणीत काय चाळत्यात रं?” रत्नदीप हसून हसून खाली बसला होता. शेतकरी मला खळ्यावर बघून खूश व्हायचे. कुणी माझ्या चाकाला हळदकुंकू लावी, कुणी नारळ फोडी. मला वाटायचं, माझं सगळं आयुष्य असंच जाणार.

मग तो फाल्गुनातला दिवस आला.

पेठच्या सावळेरामचा गहू होता. दुपार टळत आली होती, थोड्याच पेंढ्या उरल्या होत्या. गव्हाच्या काडाचा पेंढीला बांधलेला बंध सुटून आत्याच्या बांगड्यांत अडकला. तिच्याही ते लक्षात आलं नाही. तिनं पेंढी ढकलली, पेंढी आत गेली आणि तिच्यामागं तिचा हात आत ओढला गेला.

आत्या ओरडली. मित्रांनो, तो आवाज मी विसरू शकलेलो नाही.

रत्नदीपनं इंजिन बंद करायला वेळ घालवला नाही. बाजूचं दांडकं उचललं, पट्ट्यात घातलं आणि सगळं अंग टाकून पट्टा उडवला. पट्टा मातीत पडला. पण माझं चाक जड आहे. पट्टा उतरला तरी ते लगेच थांबत नाही. ते फिरत राहिलं आणि त्याच्याबरोबर ड्रमही. मला थांबता येत नव्हतं. रत्नदीपनं माझं चाक दोन्ही हातांनी धरलं, त्याच्या तळव्यांची सालं निघाली, पाय मातीत रुतले, तेव्हा कुठे मी थांबलो.

त्यानं आपला सदरा काढून आत्याच्या हाताला गुंडाळला. तिला उचलून जीपमध्ये घातलं. खळ्यावरची माणसं जीपमागं पळाली. इंजिन तसंच रिकामं धडधडत राहिलं. कुणीतरी परत येऊन ते बंद केलं, तेव्हा एवढी शांतता झाली की उरलेला गहू वाऱ्यानं सळसळत होता तेही ऐकू येत होतं. मी तिथंच उभा होतो. माझ्या तोंडाशी एक तुटलेली हिरवी बांगडी पडलेली होती.

आत्या वाचली. पण पुण्याच्या दवाखान्यात तिचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी खंडू बादली घेऊन आला आणि त्यानं मला धुतलं. मग मला ओढत आणून या छपराखाली ठेवलं. इथून घराचा ओटा दिसतो, त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं आणि उरलेलं ओट्यावरच्या बोलण्यातून ऐकलं.

आत्या दवाखान्यातून आली ती याच ओट्यावर. भावानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. जखमेची पट्टी बदलायला आरोग्य उपकेंद्राच्या पुष्पा सिस्टर यायच्या. फार समंजस बाई. पट्टी बदलता बदलता त्यांनी घरातल्या बायकांना काही गोष्टी सांगितल्या.

“हाताची जखम मी बघते,” त्या म्हणाल्या. “पण मनालाही धक्का बसलाय. त्यांना एकटं सोडू नका. काय झालं, कसं झालं, असं खोदून विचारू नका. त्या आपणहून सांगायला लागल्या तर मात्र ऐकून घ्या, मध्येच गप्प करू नका. रडल्या तर रडू द्या. दचकतील, वाईट स्वप्नं पडतील. सुरुवातीला असं बहुतेकांना होतं, हळूहळू कमी होतं. महिना उलटूनही कमी झालं नाही तर मला सांगा. आणि जमेल तसं काम करू द्या. अंथरुणाला खिळवून ठेवू नका.”

बायकांनी ते मनावर घेतलं. रोज कुणी ना कुणी ओट्यावर येऊन बसे. आत्या पहिले काही दिवस गप्प होती. मग तिनं थोडंथोडं सांगायला सुरुवात केली. सांगताना रडे, मला शिव्या देई. “ह्या मुडद्यानं माझा हात खाल्ला,” म्हणे. मी ऐकत असे. पुढं पुढं ती डाव्या हातानं लसूण सोलू लागली. तोंडात सुतळी धरून गाठ मारू लागली. हात नसल्याचं दुःख तिला होतंच. पण ती झोपत होती, जेवत होती, पावसाळा लागेपर्यंत हसूही लागली होती. मग ती आपल्या घरी राहायला गेली.

या सगळ्या दिवसांत रत्नदीप ओट्यावर कधी आला नाही.

त्याला कुणी काही विचारलंच नाही. का विचारतील? त्याचे सोललेले तळवे भरून आले होते. तो धडधाकट दिसत होता. उलट सगळे त्याची पाठ थोपटत, “तुझ्यामुळं आत्या वाचली,” म्हणत. ते ऐकलं की त्याचा चेहरा राखेसारखा होई आणि तो उठून जाई.

त्यानं मेकॅनिकचं काम सोडलं. पिठाच्या गिरणीच्या रस्त्यानं जाईना. कुणाचं इंजिन सुरू झालं की जागच्या जागी थिजे. वाळलेल्या काडाचा वास आला तरी त्याला घाम फुटे. एकदा त्याची लहान मुलगी रत्ना ताटावर चमचा वाजवत होती, तर तो तिच्यावर असा ओरडला की पोर आईच्या पदरात शिरली. मग तो स्वतःच भिंतीकडं तोंड करून बसला. झोप येत नाही म्हणून तो दारू पिऊ लागला. माझ्या छपराजवळून जायला नको म्हणून शेताला वळसा घालून घरी येऊ लागला. आणि हाकेच्या अंतरावर असलेल्या आत्याच्या घरी तो एकदाही गेला नाही.

आत्या ओट्यावर येऊन खंडूच्या बायकोला म्हणाली, “माझा भाचा माझ्याकडं बघत बी न्हाई. मी आले की उठून जातो.”

खंडू मुलावर वैतागे. तो वाईट माणूस नव्हता. बहिणीचा हात गेला, मुलगा दारूला लागला, त्याला काही कळेनासं झालं होतं. एकदा तो बोलून गेला, “हात तिचा गेला. तुझं एक बोट तरी कापलं का? गड्यासारखा गडी, आन असा बसून राहतोस?”

रत्नदीप आपल्या हातांकडं बघत राहिला.

असं वर्ष सरलं. पुन्हा गव्हाचे दिवस आले. लांब कुठंतरी दुसऱ्याचा हडंबा सुरू झाल्याचा आवाज येऊ लागला. त्या दुपारी रत्नदीप घण घेऊन छपराखाली आला. एवढ्या दिवसांनी तो माझ्यासमोर उभा होता. त्याचे डोळे लाल होते, गाल बसले होते. क्षणभर मी त्याला ओळखलंच नाही. त्यानं घण उचलला आणि माझ्या चाकावर घातला.

लोखंडावर लोखंड आदळलं. तो आवाज छपरात घुमला आणि चाक थोडं फिरलं. ते फिरताना बघून रत्नदीपच्या हातातून घण गळाला. तो खाली बसला, कानांवर हात दाबले आणि ओरडू लागला, “पट्टा! आत्या, पट्टा काढला! पट्टा काढला!” तो माझ्याकडं बघत होता, पण त्याला मी दिसत नव्हतो. त्याला पेठचं खळं दिसत होतं. त्याच्या अंगाला सगळीकडून घाम सुटला होता, जणू हे सारं आत्ता, याच क्षणी घडत होतं.

मला वाटलं होतं की ती दुपार वर्षापूर्वी संपली. ती या माणसाच्या आत रोज चालू होती. हे कळलं तेव्हा मला बसलेला धक्का मी कसा सांगू?

त्याची बायको प्रज्ञा धावत आली. तिनं त्याला धरलं, त्याचं नाव घेत राहिली. “मी प्रज्ञा. आपण घरी आहोत. बघा, हे आपलं छप्पर. ही आपली जमीन.” बऱ्याच वेळानं त्याची नजर तिच्यावर ठरली.

ती दुसऱ्या दिवशी पुष्पा सिस्टरांना घेऊन आली. प्रज्ञानं जे पाहिलं ते सगळं सांगितलं. सिस्टर ओट्यावर बसून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

“मी दररोज या ओट्यावर येत होते,” त्या म्हणाल्या. “द्रौपदाबाईंची चौकशी केली. ह्यांना एकदासुद्धा विचारलं नाही. ज्यानं डोळ्यांसमोर पाहिलं, ज्यानं ओढून काढलं, त्यालाही तेवढाच धक्का बसतो. हे मला माहीत होतं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्हाला तिकडं पाठवलं होतं. अंगावर ओरखडासुद्धा नसलेली माणसं मी तिथं पाहिलीत. वर्षानंतरही छताखाली झोपत नव्हती.”

खंडू दारात उभा होता. तो म्हणाला, “मंजी त्याला येड लागलंय का?”

“नाही हो. वेड नाही आणि भित्रेपणाही नाही. हा आजार आहे आणि याला उपचार आहेत. पुण्याला मनाच्या आजाराच्या डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी देते.”

“डोक्याच्या डाक्टरकडं नेलं तर लोक काय म्हनतील?”

प्रज्ञा सासऱ्याला कधी उलट बोलत नसे. त्या दिवशी ती हळूच बोलली. “मामा, आत्याला हाताच्या डॉक्टरकडं नेलं, तवा लोक काय म्हनले?”

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एसटीनं खंडूच मुलाबरोबर गेला.

डॉक्टरीणबाईंनी काय काय सांगितलं ते मला प्रज्ञाच्या बोलण्यातून कळलं. आधी गोळ्या सुरू केल्या. त्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. दारू बंद, कारण दारूनं झोप आल्यासारखी वाटते पण आजार वाढतो. आणि मग खरं अवघड काम. त्या दिवशी काय घडलं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्यासमोर सांगायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याची कॅसेट करून दिली होती, ती घरी ऐकायची. पहिल्यांदा सांगताना तो अर्ध्यातूनच उठून बाहेर गेला होता. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या होत्या, “आठवणीपासून पळालात तर ती मागं लागते. माझ्यासमोर, सुरक्षित जागी तिच्याकडं बघायचं. घाई नाही.”

आणि ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याजवळ थोडं थोडं जायचं. म्हणजे माझ्याजवळ.

म्हणून रत्नदीप आणि प्रज्ञा संध्याकाळी बाज टाकून अंगणात बसू लागले, शेवग्याच्या झाडाखाली, मी दिसेन एवढ्या अंतरावर. पहिल्या दिवशी तो घाबरून सारखा उठायला बघे. प्रज्ञा म्हणे, “उठायचं न्हाई. जरा कमी झालं की मग उठू.” भीती चढे, टिके आणि मग आपोआप उतरू लागे. तो उठून जाई तेव्हा दमलेला असे, पण पळालेला नसे. मग बाज थोडी पुढं आली. काही दिवसांनी आणखी पुढं. एका संध्याकाळी त्यानं माझ्या पत्र्यावर हात ठेवला. हात गार पडला होता. मी लोखंडाचा, मला काय करता येणार? पण वाऱ्यानं माझं चाक हलू नये एवढी एकच इच्छा माझ्या मनात होती.

तरी एक काटा निघत नव्हता. कितीदाही सांगितलं तरी गोष्ट त्याच ठिकाणी येऊन थांबे. तो प्रज्ञाला म्हणे, “मी उशीर केला. मी आधी पट्टा काढला असता तर तिचा हात वाचला असता.” मित्रांनो, ते खरं नव्हतं. मला ठाऊक होतं. पट्टा केव्हाच मातीत पडला होता, फिरत राहिलो तो मी. पण मला बोलता कुठं येतं?

डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं होतं, “हे तुमचं म्हणणं झालं. तिथं दुसरं कोण होतं? त्यांना विचारलंत?” ते मात्र त्याच्यानं होईना.

शेवटी आत्याच आली. प्रज्ञानं तिला काही सांगितलं होतं की नाही ते मला माहीत नाही. रत्नदीप माझ्या चाकाशेजारी जमिनीवर बसला होता. ती येऊन समोर बसली. तो उठू लागला, तर म्हणाली, “बस खाली. आज उठून जायचं न्हाई.”

तो बसला. मान वर केली नाही.

“माझा राग आला का रं तुला? का माझा ह्यो थोटा हात बघून किळस येती?”

रत्नदीपनं एकदम वर पाहिलं. “आत्या, काय बोलतीस? मी... मी उशीर केला. मी पट्टा उशिरा काढला.”

“कोन म्हनतं?”

“मीच.”

आत्याला खरोखर काही समजेना. मग सावकाश म्हणाली, “मी वरडले आन तुझ्याकडं मान वळवली. तवा पट्टा मातीत पडल्याला व्हता. म्या बघितला ना माझ्या डोळ्यानं. तू दांडकं टाकून पळत येत व्हतास. फिरत व्हता त्यो ह्यो मुडदा.” तिनं डाव्या हातानं माझ्या चाकावर थाप मारली. “तू धरलास ह्याला, म्हनून कोपरावर थांबलं. न्हाई तर मी सारीच गेले असते. येवढं वरीस ह्येच घेऊन बसला व्हतास व्हय?”

रत्नदीप रडू लागला, आवाज करून, लहान मूल रडतं तसा. आत्यानं त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. ती स्वतःही रडत होती आणि म्हणत होती, “मला वाटलं तुला माझी शिसारी येती. मी काय काय वाटून घेतलं रं.”

एवढंसं वाक्य हाकेच्या अंतरावर पडून होतं. दोघंही ते एकमेकांना विचारायला घाबरत होती. मी ते ऐकून सुन्न झालो.

त्या दिवशी सगळं बरं झालं असं समजू नका. पुढच्या फाल्गुनात त्याला पुन्हा त्रास झाला. पुन्हा पुण्याच्या फेऱ्या झाल्या, पुन्हा गोळ्या. पण आता घरात कुणी त्याला गडी असण्याची आठवण करून देत नव्हतं. खंडूच विचारायचा, “आज गोळी घेतली का रं?” हळूहळू झोप आली. रत्नाला तो पुन्हा खांद्यावर बसवू लागला. मग त्यानं माझ्या तोंडाला लांब पत्र्याची घळ, म्हणजे पेंढी आत सरकवायची पन्हळ, बसवून घेतली, कुणाचाही हात ड्रमपर्यंत पोचू नये म्हणून, आणि मला पुन्हा खळ्यावर नेलं. आत्या सोबत यायची. पेंढ्या घालणाऱ्या बायकांच्या बांगड्या ती आधी उतरवून घ्यायची, पदर खोचायला लावायची, आणि ऐकलं नाही तर आपला थोटा हात समोर धरायची. मग कुणी वाद घालत नसे.

पुढं ट्रॅक्टरवरची मोठी यंत्रं आली आणि मला कुणी बोलावेना. मी छपराखाली आलो तो कायमचा.

पण एक संध्याकाळ सांगायची राहिली. दोन हजार एक सालची असेल. त्या काळात आमच्याकडं उसात बिबटे फार झाले होते. राघू आणि गजराबाई हे मेंढपाळ नवराबायको मेंढरं घेऊन खंडूच्या रानात उतरले होते. दिवस मावळायला आला होता. गजराबाई उसाच्या कडेला वाकून कोकरू उचलत होती. वाकलेल्या बाईवर उसातून बिबट्यानं झेप घेतली.

राघू काठी घेऊन धावला, कुत्री धावली. बिबट्या सोडून गेला. पण गजराबाईचा खांदा आणि मान फाटली होती. वस्ती गोळा झाली. बायका ओरडत होत्या, कुणी जीप आणायला पळालं, कुणी धोतर फाडून जखम बांधली. तिला जीपमध्ये घातलं. घाईगर्दीत त्यांच्याबरोबर आलेला तिचा भाऊ चढला, चार माणसं चढली, जीप भरली आणि निघाली.

राघू बांधावरच राहिला. हातात काठी तशीच वर धरलेली. मेंढरं चहूकडं पांगली होती. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे जीप गेली त्या दिशेला बघत होते.

कुणीतरी रत्नदीपला म्हणालं, “मोटरसायकल काढ ना, जीपच्या मागं जाऊ.”

“तिच्यासंगं लई जन हायेत,” रत्नदीप म्हणाला आणि उलट्या दिशेनं राघूकडं गेला.

त्यानं राघूच्या हातातली काठी हळूच खाली घेतली. “राघूभाऊ, मी रत्नदीप. बिबट्या गेला. वहिनीला दवाखान्यात नेलंय. चला, आधी मेंढरं गोळा करू.” दोघांनी मिळून मेंढरं वाघुरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात घातली. मग त्याला इथं, माझ्या शेजारी आणून बसवलं. अंगावर घोंगडी टाकली. प्रज्ञानं चहा आणला. राघूनं कप हातात धरला आणि चहा तसाच गार झाला. प्रज्ञानं दुसरा आणला. दवाखान्यातून निरोप आला की बाई शुद्धीवर आहे, तो रत्नदीपनं त्याला लगेच सांगितला.

“काय झालं ते सांगायची घाई न्हाई,” तो म्हणाला. “सांगावं वाटलं तर मी हितंच हाय.”

राघू म्हणाला, “भाऊ, तुमी जानार न्हाई ना?”

“न्हाई.”

आणि तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच राघूला गजराबाईकडं नेलं. पुष्पा सिस्टरांना कळवलं, आणि या खेपेला सिस्टरांनी दोघांनाही विचारलं. राघू काही दिवस ऊस दिसला की थांबायचा. नीट झोप लागत नव्हती. रत्नदीप त्याच्याबरोबर मेंढरांमागं चालायचा. गजराबाई परत आली तेव्हा राघू तिच्याजवळ बसून सगळं बोलला. महिना भरायच्या आत त्याची झोप परत आली. आली नसती तर रत्नदीप त्याला पुण्याला घेऊन जाणार होता. त्यानं तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

मित्रांनो, मी एक मोडकं यंत्र. मला तेलपाणी करा असं मी म्हणणार नाही, माझे दिवस सरले. यंत्राजवळ सैल कपडे, बांगड्या घालून जाऊ नका, एवढं मात्र ऐका. आणि दुसरी एक विनवणी आहे. कुठं अपघात होईल, आग लागेल, जनावर धावून येईल. ज्याला लागलं आहे त्याच्याभोवती माणसं जमतील, जमलीच पाहिजेत. तुम्ही मात्र एकदा मागं वळून बघा. ज्यानं ते सगळं पाहिलं, तो कुठंतरी एकटा उभा असेल. त्याला शहाणपण सांगू नका. विसर म्हणू नका. आठवडे लोटले तरी त्याला त्रास होत असेल तर त्याला डॉक्टरकडं न्या, त्यात लाज कसली? पण आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल.